आठव्या व्हॉल्व्हच्या पुढची वाट

३ नोव्हेंबर

धाकटे,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल. आधी काम.

सात वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस. अप्पा ठीक आहेत. कंबर तशीच आहे, काठीशिवाय दाराबाहेर जात नाहीत, पण जेवण चांगलं आहे आणि तोंडही चालू आहे. तुझा पत्ता तुझ्या जुन्या ऑफिसातल्या बाईंकडून घेतला. द्यायला तयार नव्हत्या. मी त्यांच्या टेबलासमोर बसून राहिले तेव्हा दिला.

काम असं आहे. अप्पांच्या जागी आता मी लाइनीवर आहे. तुला कोण सांगणार, म्हणून सांगते. गावातल्या टाकीपासून बंधाऱ्यापर्यंत पाइपाबरोबर चालायचं, बारा व्हॉल्व्ह बघायचे, कुठं गळतंय ते कळवायचं, तेच सगळं. गेल्या वर्षी मला मुकादम केलं. हाताखाली पाच माणसं आहेत, त्यातली एक बाई अगदी नवी. आम्हां सहा जणांसाठी साहेबांनी सहा नव्या डब्या आणल्या. जीपीएसच्या गं. अप्पांच्या वेळेपासून आम्ही डबीच म्हणतो. आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटर ऑपरेटरनं हुशारी केली. अप्पांच्या जुन्या डबीतला तुझा नकाशा काढला आणि सहाही डब्यांत भरून टाकला. मला विचारलं नाही.

कुठला नकाशा ते तुला सांगायला नको. आठव्या व्हॉल्व्हच्या पुढं तांबडी रेघ खडकाच्या माथ्यावर जाते, तोच. त्या रेघेवरून अप्पा धुक्यात चालत गेले आणि कड्यावरून पडले. दीड दिवस पडून होते. मला सापडले तेव्हा डबी हातात होती आणि चालू होती.

डिसेंबरात धुकं सुरू होतं. त्याच्या आत ही रेघ गेली पाहिजे. मी ऑपरेटरला म्हटलं, पुसून टाक. तो म्हणतो, ताई, पुसला तर सगळा नकाशा जाईल, एकटी रेघ निघत नाही, मूळ फाइल जिनं काढली तिच्याकडंच असणार. आणि सगळा नकाशा गेला तर साहेब माणसांना तसंच पाठवतील, पाणी काही थांबत नाही. म्हणून तुला लिहायची वेळ आली.

तू चुकवलंस, तू नीट कर. माझं दुसरं काही मागणं नाही.

फोन का केला नाही म्हणशील. नंबर मिळाला होता. पण फोनवर मी ओरडले असते. कागदावर ओरडायला गेलं की हात दुखतो, मग माणूस आपोआप थांबतं.

ताई

१७ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र आलं. चार ओळी. मोजल्या मी.

"ताई, फाइल आहे. रेघ पुसते. पण नवी रेघ कुणाचं ऐकून काढणार नाही, एकदा काढली तेवढी पुरे. तू स्वतः जाऊन बिंदू घे. सोबतचा कागद वाच."

बरं. कागद वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा मला वाटलं तू माझी चेष्टा करतेस. खडकाखाली डबीला आभाळ नीट दिसत नाही, म्हणून ती गोंधळते, इथपर्यंत समजलं. अप्पांच्या डबीतून तिथली रेघ निघाली होती ती केसांच्या गुंत्यासारखी होती, मला आठवतंय. तू तो गुंता काढून टाकलास आणि त्या जागी हातानं सरळ रेघ ओढलीस. ती कुठून ओढायची हे तुला कसं कळलं, ते आता उकरून काय करायचं.

पण पुढचं वाच म्हणजे तुलाच हसू येईल. वाटेच्या प्रत्येक वळणावर उभं राहायचं. बटण दाबायचं. आणि दहा मिनिटं हलायचं नाही, डबी आपली मोजत बसते आणि सगळ्या मोजण्यांचा मधला आकडा काढते. वर एक दिवस सोडून पुन्हा त्याच जागी जाऊन पुन्हा दहा मिनिटं.

दहा मिनिटं. मी. उभी.

तू मला ओळखतेस ना. मला चहा उकळेपर्यंत धीर नसतो. अप्पा म्हणतात हिच्या हातचा चहा म्हणजे रंगीत पाणी. आठ ते नऊ व्हॉल्व्हमध्ये वळणं किती, तर चौदा. चौदा गुणिले दहा गुणिले दोन. मी चौथीपर्यंतच शिकले पण एवढा हिशेब येतो आणि तो करून मला घाम फुटला.

करीन. करायलाच पाहिजे.

अप्पांना काही बोलले नाही. तुझं पाकीट टेबलावर होतं ते बघून म्हणाले, कुणाचं? म्हटलं, ऑफिसचं. त्यांनी पाकीट उचललं, डोळ्यांजवळ नेलं, खाली ठेवलं. "ऑफिसचं अक्षर एवढं चांगलं कधीपासून झालं?" म्हणाले. मी भांडी घासायला गेले.

ताई

२६ नोव्हेंबर

धाकटे,

बिंदू झाले. चौदाही. दोनदोनदा. आकडे सोबतच्या कागदावर आहेत, नवीनं लिहिलेत, तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. डबीतली फाइलही ऑपरेटरनं तुला पाठवली, तू लिहिल्याप्रमाणं.

नवी म्हणजे ती नवी बाई. आधी कपड्याच्या दुकानात होती, तिकडं दिवसभर उभी असायची, म्हणून तिला उभं राहण्याचं काही वाटत नाही. मी तिला बरोबर घेतलं कारण एकटीनं दहा मिनिटं गप्प उभी राहिले तर मला वेड लागलं असतं. झालं उलटंच. तीच इतकी बोलते की पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, बाई, डबी मोजतेय, तिला ऐकू येतं, जरा हळू. तिनं खरंच आवाज खाली आणला. दुपारपर्यंत कुजबुजत होती.

एक सांगते. त्या डबीच्या पडद्यावर लिहिलेलं येतं की आता चूक किती मीटरची असेल. उभी राहिलीस की आधी तीस दाखवते. मग वीस. मग उगाच पंचवीस. मला वाटायचं हिला बडवावी. पण हललं नाही तर हळूहळू नऊ होते, सहा होते, चारवर येऊन बसते. तिसऱ्या बिंदूपासून मी नुसती त्या आकड्याकडं बघत उभी राहायचे. तिसाचे चार होईपर्यंत. तुझं ऑफिसातलं काम असंच असेल तर मला तुझं नवल वाटतं. मी पहिल्या दिवशीच खुर्ची फेकली असती.

सहाव्या बिंदूपाशी मी नवीला फार ओरडले. ती रडली. कशावरून ते सोड, कामाचा भाग होता.

आकडे नीट बघून घे. आता तरी रेघ चुकायला नको.

ताई

२८ नोव्हेंबर

धाकटे,

परवा पत्र पेटीत टाकलं आणि तेव्हापासून घास उतरत नाही. अप्पा विचारतात, पोट बिघडलंय का. बिघडलेलं आहे पण पोट नाही.

सहाव्या बिंदूपाशी काय झालं ते लिहिते. एका दमात लिहीन, मधे थांबले तर पाकीट बंद करून टाकीन.

सहावा बिंदू खडकाच्या पलीकडच्या अंगाला, बंधाऱ्याच्या बाजूला, खाली ओढ्याजवळ आहे. मी तिथं उभी होते. डबीनं सात मिनिटं मोजली होती, हलता येत नव्हतं. नवी मागं आठव्या व्हॉल्व्हपाशी राहिली होती, झाकण लावत होती. तिथून तिनं हाक मारली, "मावशी, कुठून येऊ?"

मी ओरडून सांगितलं, "खडकाच्या वरून ये."

"वरून?"

"हो, वरून, वरून. किती वेळा सांगू?"

आणि मी पुन्हा डबीकडं बघत बसले. नऊ मीटर झाले होते, आठ झाले. थोड्या वेळानं माझ्या डोक्यावर बारीक खडे पडले. वर बघितलं तर नवी खडकाच्या माथ्यावर. कड्यापासून चार पावलांवर. खाली वाकून मला शोधत होती.

मी डबी टाकून दिली. "बस," म्हटलं, "आहेस तिथं खाली बस, हलू नकोस." ती बसली. मी मागून चढून गेले आणि तिला हाताला धरून उतरवलं. मग ओरडले. आधी नाही ओरडले, उतरवल्यावर ओरडले. ती रडली आणि मग तीच माझ्यावर उलटली. म्हणाली, "तुम्हीच म्हणालात वरून ये."

म्हटलं, "अगं वर म्हणजे बंधाऱ्याकडून."

"मला काय स्वप्न पडतं? वर म्हणजे मी वर समजले."

धाकटे, आमच्या लाइनीवर पाणी जिकडून येतं ते वर. बंधारा वर, गाव खाली. सातव्यापासून आठव्यापर्यंत नुसता उतार आहे, गुडघे दुखतात उतरताना, तरी आम्ही म्हणतो वर चाललो आठकडे. अप्पा असंच बोलतात, मी असंच बोलते, जुने सगळे असंच बोलत. खडकाच्या वरून म्हणजे खडकाच्या पायथ्यानं पुढं जायचं, त्याच्या बंधाऱ्याकडच्या कडेनं वळायचं आणि ओढ्यात उतरायचं. कुणालाही विचार, आमच्यातल्या. पण तू आमच्यातली नव्हतीस. तू लाइनीवर कधी चाललीच नाहीस, तू शाळेत होतीस, मग नकाशांच्या ऑफिसात.

आणि तू विचारलं होतंस.

मी चादरी पिळत होते. अप्पा आठवडाभर बंधाऱ्यावर होते, ऑफिसला नकाशा त्याच दिवशी हवा होता. तू तो गुंत्याचा कागद घेऊन माझ्या मागं येऊन उभी राहिलीस. "ताई, आठच्या पुढं वाट खडकाच्या कुठून जाते?" मी म्हटलं, वरून. तू म्हणालीस, "वरून म्हणजे कशी?" मी म्हटलं, वरून म्हणजे वरून, आकाशातून तर नाही ना जात. तू तरी उभी होतीस. "नक्की?" म्हणालीस. मी चादर बादलीत आपटली. तुझ्या कागदावर पाणी उडालं. तू गेलीस.

मला हे सगळं आठवत होतं. सात वर्षं आठवत होतं. पण मला वाटायचं मी बरोबर सांगितलं आणि तू चुकीचं काढलंस. मी बरोबरच सांगितलं होतं, तीच तर गोष्ट आहे. मी बरोबर सांगितलं, तू ऐकलंस तसं बरोबर काढलंस, आणि आपला बाप कड्यावरून गेला.

तरीही मी हे अर्धंअर्धं वाटून घेणार नाही. तू दोनदा विचारलंस. मी एकदाही मागं वळून बघितलं नाही. चूक माझी.

दवाखान्यात सगळ्यांसमोर मी म्हणाले होते, हिनं बापाला कड्यावरून ढकललं. तू म्हणायचं होतंस, ताई, तूच सांगितलंस. नाही म्हणालीस. तू पिशवी उचललीस आणि गेलीस, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की बघा, चुकली म्हणून गप्प आहे.

अप्पांनी धुक्यात तुझ्या रेघेवर विश्वास ठेवला. तीस वर्षांची पायाखालची वाट सोडून ठेवला. बेशुद्धीतून उठल्यावर मला म्हणाले होते, "मला वाटलं धुक्यात माझेच पाय चुकतायत. पोरीनं काढलंय म्हणजे तेच खरं असणार." हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्या वेळी तुला दुखवायला सांगावंसं वाटलं होतं. आज का सांगतेय ते तूच समज.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. नकाशा मात्र पाठव. त्या नवीच्या डबीत अजून तीच तांबडी रेघ आहे, आणि मी तिला रोज आठव्यापर्यंतच जाऊ देते, पुढं मी जाते.

ताई

१५ डिसेंबर

धाकटे,

पाकीट आलं. सहा बारकी कार्डं, नखाएवढी, आणि एक कागद. पत्र नाही. बरं. मी म्हटलंच होतं उत्तर नको.

कागदावर सात आकडे टाकून सात गोष्टी लिहिल्यास. पहिल्या तीनमध्ये नुसतं हे आधी कर, ते आधी काढ असं होतं, म्हणून मी सरळ चौथ्यापासून सुरुवात केली. कार्ड घातलं, डबी चालू केली, नकाशा दिसला. निळी रेघ. खडकाला वळसा घालून ओढ्यातून जाणारी. मला एवढा आनंद झाला की सगळ्या डब्या तशाच केल्या आणि वाटून टाकल्या.

संध्याकाळच्या आत नवी डबी घेऊन आली. "मावशी, आठच्या पुढं दोन वाटा दिसतायत. एक तांबडी, एक निळी. खरी कुठली?"

निळी, मी म्हटलं. आणि मग स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली, कारण पुन्हा तेच करत होते, तोंडानं सांगत होते. सगळ्यांकडून डब्या परत घेतल्या. ऑपरेटरनं बघितलं आणि म्हणाला, "ताई, नवा नकाशा वर आला पाहिजे, जुना त्याच्या..."

"तो शब्द माझ्यासमोर काढायचा नाही," म्हटलं.

बिचारा कुठला शब्द ते शोधत राहिला.

मग मी तुझा कागद पहिल्या आकड्यापासून वाचला. दुसऱ्याच आकड्याला लिहिलंयस की जुना नकाशा कार्डात नाही, डबीच्या पोटात आहे, केबल लावून तो आधी काढ, मगच कार्ड घाल. आणि त्याच्याखाली रेघ ओढली आहेस. दोनदा. तू मला चांगलंच ओळखतेस.

एकेक करून सहाही पोटं साफ केली. तिसऱ्या डबीत काहीच दिसेना, निळी नाही, तांबडी नाही, नुसतं पांढरं. ऑपरेटरनं हात टेकले. मीच म्हटलं, सहावा आकडा वाच. फार लांबून बघितलं तर हा नकाशा दिसत नाही, जवळ आणायचा, आणि यादीत त्याच्या नावापुढं खूण करायची. खूण नव्हती. केली, दिसला. ऑपरेटर म्हणाला, ताई, तुम्ही आता माझ्या खुर्चीवर बसा. मी म्हटलं, तुझी खुर्ची डुगडुगते.

दुसऱ्या दिवशी सहाही डब्या पिशवीत घालून लाइनीवर नेल्या. तू लिहिलंयस की जुन्या कागदी नकाशाचं चित्र तीन ठिकाणी जमिनीला टाचलंय, म्हणजे खऱ्या जागांशी जुळवलंय, टाकीचा कोपरा, चौथा व्हॉल्व्ह आणि बंधाऱ्याचं दार. तिन्ही ठिकाणी गेले. प्रत्येक डबी चालू करून उभी राहिले. दाराला पाठ लावून उभी राहिले तेव्हा बाण दारावर होता. मग आठव्या व्हॉल्व्हपासून नवव्यापर्यंत निळ्या रेघेवरून चालले, सहा वेळा, सहा डब्या घेऊन. तिन्हीसांजेच्या आत घरी आले, पाय सुजलेले.

आणि मी बघितलं तू काय लिहिलंयस ते. नकाशावर कुठंही वर नाही, खाली नाही. "बंधाऱ्याकडे" आणि "गावाकडे", बाण काढून. आणि खडकाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत, "इथं चढू नये". तेव्हा मला कळलं तू माझं पत्र वाचलंस. मी सगळ्यांना ताकीद दिली आहे की आजपासून लाइनीवर वर आणि खाली बंद. आमच्यातला जाड्या म्हणाला, मग पॅन्ट वर ओढायची असली तर काय म्हणू? म्हटलं, बंधाऱ्याकडे ओढ.

अप्पांना सांगितलं. काल, जेवण झाल्यावर. सगळं, चादरींसकट. ते ऐकत होते. मग म्हणाले, "सात वर्षं मी त्या पोरीवर रुसून बसलो. आता कुणावर रुसू?"

"माझ्यावर."

"तुझ्यावर रुसलो तर सकाळी पाणी कोण तापवणार?" म्हणाले. थोड्या वेळानं काठी घेऊन तिथंच, खोलीतल्या खोलीत, दोन फेऱ्या मारल्या. "तिला कळवलंस?" म्हटलं, हो. "आधी तिला की आधी मला?" आधी तिला. "मग ठीक आहे," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. झोपले नव्हते.

धुकं अजून नाही. रोज सकाळी दार उघडून बघते.

ताई

९ जानेवारी

धाकटे,

आलं. आणि गेलं. आणि सगळे घरी आहेत. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं तुला नीट वाचता येईल.

परवा नवीला एकटीला बंधाऱ्यावर पाठवलं होतं. पहिल्यांदाच. बारावा व्हॉल्व्ह अडकत होता आणि बाकीचे दुसऱ्या कामावर होते, मला टाकीवर साहेबांबरोबर थांबायचं होतं. सकाळी आभाळ स्वच्छ, म्हणून जाऊ दिलं. अकराला धुकं उतरलं. तुला माहीत नाही ते कसं येतं. आपण बोलत असतो आणि समोरच्या माणसाचे पाय दिसेनासे होतात.

मी साहेबांना काही न सांगता निघाले. आठव्या व्हॉल्व्हपर्यंत पाइपाला हात लावून गेले, तिथपर्यंत पाइप जमिनीच्या बाहेर आहे. पुढं पाइप जमिनीत जातो. तिकडं फोन लागत नाही. नवी निघाली असेल तर दोनपर्यंत आठव्याला यायला पाहिजे होती. मी तिथं झाकणावर बसले, मग उभी राहिले, मग हाका मारल्या. धुक्यात हाक भिंतीवर मारल्यासारखी परत येते. मग हाका मारणं बंद केलं, कारण माझा आवाज ऐकून ती सरळ माझ्याकडं यायला बघेल, आणि सरळ म्हणजे खडकाच्या माथ्यावरून.

एवढी वर्षं मला वाटायचं, ओरडलं की काम होतं. परवा मी तोंडावर हात धरून उभी होते. चाळीस मिनिटं.

मग खालून, ओढ्याच्या बाजूनं, कुणीतरी बोलताना ऐकू आलं. मला वाटलं दोघीजणी आहेत. नाही. ती डबीशी बोलत येत होती. "बरं बाई, आता गावाकडे वळते. वळले. आता काय म्हणतेस? सरळ? चल सरळ." आणि माझ्यापासून चार हातांवर धुक्यातून बाहेर आली, नाक लाल, डबी छातीशी धरलेली.

"मावशी, तुम्ही इथं काय करताय?"

"व्हॉल्व्ह बघत होते."

"व्हॉल्व्ह तुमच्या मागं आहे."

मी खाली बसले. ती घाबरली, मला म्हणते, काय झालं, पडलात का? मी हसायला लागले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला आजवर नुसतं बोलायला माहीत होतं. ती म्हणाली खडक तिला दिसलाच नाही, एका बाजूला हाताला लागला तेवढाच, ओला आणि गार, आणि निळी रेघ त्याच्या कडेनं जात होती तशीच ती चालली. तिला तर यात काही विशेष वाटलंच नाही. "नकाशा आहे ना," म्हणाली. आणि मग तिला भूक लागली होती म्हणून तिनं माझाही पाव खाल्ला.

तुझी रेघ बरोबर आहे. चार मीटरच्या आत. माझा बिंदू आणि तुझी रेघ.

घरी आले. अप्पा दारात उभे होते, काठीशिवाय, चौकटीला धरून. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना धुकं दिसत होतं. मी म्हटलं, आली. त्यांनी नुसती मान हलवली आणि आत जायला वळले, आणि मग चौकटीशीच थांबून म्हणाले, "कुठल्या बाजूनं आली?"

"ओढ्यातून."

"हं," म्हणाले. परवा संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत मी त्यांना तीन वेळा गाताना ऐकलं. सूर नव्हता.

धाकटे, मी सात वर्षं नीट झोपले नव्हते हे मला परवा झोपले तेव्हा कळलं. सकाळी आठला जाग आली. कामावर उशिरा गेले. सगळ्यांना वाटलं मेली असेल.

अप्पांचा नंबर खाली लिहिला आहे. तोच जुना. तू तुझा बदललास, त्यांनी बदललेला नाही, कशासाठी ते त्यांनी मला सांगितलेलं नाही.

ताई

२० जानेवारी

धाकटे,

तुझा फोन आला त्या वेळी मी घरात होते. अप्पांनी एवढ्या जोरात "कोण?" विचारलं की शेजारची बाहेर आली. मग म्हणाले, "बोल. ऐकतोय." मी अंगणात गेले. दार लोटून घेतलं, लावलं नाही.

सत्तावीस मिनिटं. अंगणातल्या दोरीवरचे चिमटे मी रंगांप्रमाणं लावले, मग लांबीप्रमाणं.

आत आले तेव्हा त्यांचा फोन अजून कानाला होता आणि तू बोलत होतीस, आवाज येत होता, शब्द नाहीत. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "घे," म्हणाले, "तिला तुझ्याशी बोलायचंय."

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि स्वयंपाकघरात गेले.

दूध नव्हतं. गॅस बंद होता. मी रिकाम्या ओट्यासमोर उभी राहिले तुझा फोन संपेपर्यंत. अप्पांना कळलं. रात्री दुधाचा पेला मागून घेतला आणि माझ्याकडं बघून पिऊन दाखवला.

तुझ्याशी कागदावर बोलता येतं. तुझा आवाज ऐकला असता तर मला काय झालं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून पळाले.

गुरुवारी माझी सुट्टी आहे. दुपारी तीनला फोन कर. गॅसवर काही ठेवणार नाही.

ताई